आबा म्हणतात, आधी पूर ओसरू दे

काका, नमस्कार.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. आबांनी एका क्युपोलावर, म्हणजे कोकच्या भट्टीवर, सुरू केली, आता विजेवरच्या दोन इंडक्शन फर्नेस आहेत. महिन्याला ३०० टन मेल्टिंग होतं, वीज पावणेतीन लाख युनिटच्या आसपास जाते. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो, थोडे पाइप फिटिंगही. निम्मा माल देशात, निम्मा जर्मनी आणि अमेरिकेला जातो. जर्मन ग्राहक २०२३ पासून दर तिमाहीला कार्बनचे आकडे मागतो, म्हणून आबांच्या मागे लागून मी तीन गोष्टी करून घेतल्या. छतावर १०० किलोवॉट सोलर बसवलं. साच्यांची जुनी वाळू पुन्हा वापरायचा प्लँट घेतला, त्याचे निम्मे पैसे दिलेत. आणि आकडे ठेवायला एक डिप्लोमा झालेली मुलगी नेमली.

ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेची ऑर्डर निम्म्यावर आली. जर्मनीचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जातो, पैसे उशिरा हातात येतात. ३०० किलोवॉट सोलरच्या दुसऱ्या टप्प्याचं कर्ज मंजूर आहे, महिनाअखेर सही करायची आहे. आबा म्हणतात, ‘सोलर, कार्बन ही सगळी चांगल्या दिवसांतली कामं. आधी पूर ओसरू दे, मग बघू.’ दादा त्यांच्याच बाजूला. त्या मुलीला कमी करा म्हणतात. त्यात परवा जर्मन ग्राहकच म्हणाला की त्यांच्याकडचे अहवालाचे नियम सैल झालेत. मग मी इतकी वर्षं घरात भांडले कशासाठी? सोलर थांबवलं तर ग्राहक जाईल का? चालू ठेवलं तर धंदा बुडेल का? रिजेक्शन, म्हणजे बिघडून बाद होणारा माल, सात टक्क्यांवर आहे, तेही सांगून ठेवते. आजोबांचं कागलकडं गुऱ्हाळ होतं, आबा अजूनही कुठलाही खर्च गुळाच्या रव्यांत (ढेपांत) मोजतात. त्यांना कसं पटवू?

एक लेक, गोकुळ शिरगाव

*

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहितो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलर हा शब्द त्यात चार वेळा आलाय. रिजेक्शन एकदाच, तेही जाता जाता. मी स्वतः शिरोलीच्या फौंड्रीत उभं आयुष्य काढलं, म्हणून माझी नजर तिथंच अडकली. आबांशी बोलायच्या आधी तू आणि मी मिळून एक हिशेब करू. कागद घे.

१०० किलोवॉट सोलर आपल्याकडं महिन्याला साधारण ११ ते १२ हजार युनिट देतं. तुझा खप पावणेतीन लाख. म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. वाईट नाही, पण ज्या चार टक्क्यांसाठी घरात दोन वर्षं तोंडातोंडी झाली, ते चारच टक्के आहेत हे आधी मान्य कर. आता रिजेक्शनकडं ये. ३०० टन रसातून, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून, यील्ड (रसातून मिळणारा माल) ६५ टक्के धरलं तर, १९५ टन कास्टिंग पडतं. त्यातलं सात टक्के म्हणजे साडेतेरा टन परत भट्टीत. हे चार टक्क्यांवर आणलंस तर जवळजवळ सहा टन कास्टिंग वाचतं, म्हणजे नऊ टन रस कमी वितळवायचा. तुझ्या बिलावरून टनामागे ९०० युनिट येतात. नऊ टनांचे आठ हजारांवर युनिट झाले. छतावर एक पत्राही न बसवता तुझ्या सोलरच्या दोन तृतीयांश वीज वाचली. त्याबरोबर वाळू, बाइंडर, मॅग्नेशियमची मिश्रधातू, ग्राइंडिंगची मजुरी आणि ग्राहकाच्या तोंडचे चार शब्दही वाचले.

आता याहून मोठा आकडा. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, पिग (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) किती घालता ते तू लिहिलेलं नाहीस. समज, २५ टक्के. महिन्याला ७५ टन पिग. ब्लास्ट फर्नेसमध्ये कोकवर एक टन पिग तयार होताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे नुसत्या पिगपोटी १५० टन तुझ्या मालाबरोबर येतो. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरतात, त्या हिशेबानं तुझ्या सगळ्या विजेचा होतो १९० टनांच्या आसपास. सोलरनं त्यातला आठ टन कमी केला. पिग २५ वरून १५ टक्क्यांवर आणलंस तर ६० टन कमी होतो. सोलरच्या सातपट.

हे फुकट होत नाही, हे मला माहीत आहे. पिगच्या जागी स्टीलचं स्क्रॅप आलं की कार्ब्युरायझर, म्हणजे रसात कार्बन भरायची पूड, चांगला लागतो, एसजीला (मॅग्नेशियम घालून केलेल्या चिवट लोखंडाला) तर कमी गंधकाचाच. स्क्रॅपमधून मँगेनीज आणि नको ते धातू आत शिरतात, इनॉक्युलेशन, म्हणजे ओतताना रसात घालायची मात्रा, सुधारावं लागतं, नाहीतर कडा कडक होतात आणि मशीन शॉपवाला तुझ्या नावानं खडे फोडतो. म्हणून सगळीकडं एकदम नको. एक ग्रेड घे, एक ग्राहक घे, देशातला घे. दर आठवड्याला पिग दोन टक्के उतरव, टेस्ट बार (नमुन्याची कांडी) तोड, मग पुढचं पाऊल टाक. तीन-चार महिन्यांचं काम आहे. त्याला कर्ज लागत नाही.

इतकं लांबण लावलं ते एवढ्यासाठी. तुमच्या घरातलं भांडण पर्यावरण हवं की धंदा हवा, असं झालंय. कागदावर ते तसं दिसत नाही. पिग कमी करणं यातलं नेमकं काय आहे, सांग बरं? २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. जगात विकायला बाहेर पडणारं पिग मोठ्या प्रमाणावर याच दोन देशांतून यायचं. पुढचे काही महिने पिगचा भाव कुठं गेला होता ते आबांना विचार, त्यांच्या तोंडपाठ असेल. इथल्या ब्लास्ट फर्नेसला लागणारा कोकिंग कोळसाही बहुतांश बाहेरूनच येतो, त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा. मॅग्नेशियमचं तर जगातलं बहुतेक उत्पादन एकट्या चीनमध्ये. २०२१ च्या सप्टेंबरात तिथल्या एका प्रांतात वीजकपात झाली आणि इकडं एसजी ओतणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दूरच्या कुणाच्या तरी हातात नळ आहे, अशी जी जी वस्तू तुझ्या भट्टीत जाते, ती कमी करणं म्हणजे एकाच वेळी कार्बनही कमी आणि धोकाही कमी.

युरोपनंही दुसरं काय केलं? २०२१ मध्ये बाहेरून येणाऱ्या गॅसपैकी साधारण ४५ टक्के रशियाचा होता. युद्ध पेटलं, गॅस अडला, भाव फुटले. पहिल्या वर्षी त्यांनी बंद केलेली कोळशाची केंद्रंसुद्धा पुन्हा चालवली, हे खरं आहे आणि आबा ते नक्की काढतील. पण मे २०२२ मध्ये त्यांनी रशियाच्या इंधनातून बाहेर पडायचा कार्यक्रम जाहीर केला, सोलर आणि वाऱ्याची वीज जोरात वाढवली, आणि २०२४ पर्यंत रशियाचा गॅस १९ टक्क्यांवर आला. त्यात हवामानाची काळजी होतीच, पण पायाखालची घाई होती ती परावलंबनाची.

आता आबांची बाजू. तू त्यांच्यावर रागावलीस, पण ते जे बघतायत ते खरं आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. दहा ते चौदा दिवस वाढले. भाड्याचं सगळे बोलतात, मला त्या दिवसांची धास्ती जास्त वाटते. महिन्याला चार कंटेनर जात असतील तर दोन कंटेनरचा पैसा कायमचा समुद्रावर तरंगतोय. त्यावर कॅश क्रेडिटचं व्याज चालू आहे, स्क्रॅपवाल्याला मात्र आठव्या दिवशी पैसे हवेत. वरून अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के लावले. कुठल्या मालावर किती, कधी कमी, कधी जास्त, हे तिकडच्या एका सहीवर ठरतं. अशा वेळी मालकाचा हात खिशावर जातो. जायलाच हवा. तू ‘ग्राहकाला हवंय’ एवढंच म्हणत राहिलीस आणि रोख पैशाचा शब्द काढला नाहीस, तर ते ऐकणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ऐकलं नसतं.

जर्मन ग्राहकाचं जरा सुटं करून बघू, कारण तिथं तुझ्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. सैल झाले ते कंपन्यांनी अहवाल देण्याचे नियम. २०२५ मध्ये युरोपनं त्यांची मुदत पुढं ढकलली आणि व्याप्तीही आटवायला घेतली. सीमेवरचा कार्बन कर, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात, तो मात्र उभा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती भरायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैसे लागू झाले. २०२६ च्या मालासाठीची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळणार. पैसे भरतो आयात करणारा, तू नाहीस, पण तो ते तुझ्या भावातून काढायला बघणार हे सांगायला नको.

आज रात्री घरी जायच्या आधी तुझ्या शिपिंग बिलांवरचे एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचे मालाच्या वर्गवारीचे आकडे, बघ. पाइप फिटिंग ७३०७ मध्ये जातात, ते सीबॅमच्या यादीत आहेत. पंपाचे भाग ८४१३ मध्ये आणि व्हॉल्व्हचे ८४८१ मध्ये जात असतील तर मूळ यादीत ते नाहीत. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं यादी लोखंडाच्या पुढच्या तयार वस्तूंपर्यंत वाढवायचा प्रस्ताव मांडलाय, म्हणून निर्धास्त राहू नकोस. वर्षाला यादीतला एकूण ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला २०२५ च्या दुरुस्तीनं सूट मिळाली आहे. तुझा ग्राहक त्यात बसतो का, एवढं त्याला सरळ विचार. आणि यातली कळीची गोष्ट अशी की लोखंडाच्या बाबतीत या करात विजेचा कार्बन धरत नाहीत. भट्टीवर थेट जळलेलं आणि पिगसारख्या कच्च्या मालाबरोबर आलेलं, एवढंच मोजतात. स्क्रॅपचा शून्य. म्हणजे ज्या सोलरसाठी तू भांडलीस, ते त्या करात मोजलंच जात नाही, आणि ज्या पिगबद्दल कुणी बोललं नाही, ते पुरेपूर मोजलं जातं. ग्राहकाच्या स्वतःच्या कार्बन हिशेबात तुझी वीज येते, तो भाग वेगळा. म्हणून त्याला एकच मेल लिही: तुम्ही मागता त्यातलं कायद्याला काय लागतं आणि तुमच्या कंपनीच्या धोरणाला काय, आणि ते नाही मिळालं तर ऑर्डरवर काय परिणाम होतो? उत्तर लेखी घे. अर्ध्या फौंड्र्या नुसत्या भीतीपोटी फॉर्म भरत बसल्यात.

आकडे मात्र तयार ठेव. पुरवठादारानं खरे आकडे दिले नाहीत तर ठरवून दिलेले सरसकट आकडे लावतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात. मागणारे फक्त जर्मनच आहेत असंही नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० शेअर बाजारातल्या कंपन्यांना टिकाऊपणाचा अहवाल सक्तीचा केलाय. तुझा देशातला पंपवाला किंवा ट्रॅक्टरवाला त्यात असेल, तर आज ना उद्या तोही तुझ्याच दारात येणार.

यावरून त्या डिप्लोमावाल्या मुलीकडं येतो. तिला काढू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

२००८-०९ ची मंदी. आमच्याकडं एक पोरगा दर हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेला, मीटर बघून वहीत लिहायचा: भट्टी किती वाजता लावली, किती वाजता ओतली, किती युनिट, झाकण कधी उघडं होतं. ऑर्डरी निम्म्या झाल्या आणि मालकानं विचारलं, कोण कोण कमी करता येईल? मी पहिलं त्याचं नाव दिलं. तो काही लोखंड ओतत नव्हता ना. वही बंद झाली. २०१० मध्ये काम परत आलं, भट्ट्या दोन पाळ्यांत चालायला लागल्या, आणि बिल आलं तेव्हा टनामागचे युनिट शंभरानं वाढले होते. का वाढले, कुणालाच सांगता येईना. भट्टीचं आतलं लायनिंग जाड झालं होतं का? स्पेक्ट्रोच्या (रसातले घटक तपासणाऱ्या यंत्राच्या) निकालाची वाट बघत रस धरून ठेवायची सवय लागली होती का? मोल्डिंग मागं पडत होतं का? बघायला मागचं पानच नव्हतं. जुन्या जागी यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या पोराचा पगार दीड वर्षात किती झाला असता, आणि वाया गेलेली वीज किती झाली, हा हिशेब मी कधी कुणाला दाखवला नाही, पण मला तो पाठ आहे. मी त्याला परत बोलवायला गेलो तेव्हा तो हुपरीला चांदीच्या कामाला लागला होता. आला नाही.

तिचं काम मात्र बदल. जर्मन फॉर्म भरणं हे तिचं महिन्यातून एक दिवसाचं काम असू दे. बाकीचे दिवस तिला शॉपवर उभी कर. रात्रपाळीला भट्टीचं झाकण किती मिनिटं उघडं असतं, ते लिहू दे. १४०० अंशांच्या रसाचं तोंड उघडं ठेवलं की उष्णता कशी जाते ते आपल्या चेहऱ्याला कळतं, फक्त मीटरला विचारायचं राहून जातं. रिजेक्शन झालेला प्रत्येक तुकडा कुठल्या पॅटर्नचा (साच्याच्या नमुन्याचा), कुठल्या पाळीचा, ब्लोहोल (हवेची पोकळी) की सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू), हे फळ्यावर लिहू दे. तुझे सात टक्के कुठून येतात ते महिन्यात दिसेल. बहुतेक वेळा तीन-चार पॅटर्नच निम्मा त्रास देतात.

वाळूच्या प्लँटचे निम्मे पैसे दिलेत, तो पुरा कर. यात मला शंका नाही. वाळू काही युक्रेनहून येत नाही, आपल्या सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंड्याकडून येते. पण पावसाळ्यात घाट बंद पडला की काय होतं ते तुला माहीत आहे. आणि वापरलेली वाळू टाकायची कुठं, हा प्रश्न दर वर्षी अवघड होत चाललाय. रस्त्याच्या कडेला रात्री ट्रॉली रिकामी करायचे दिवस गेले, जायलाच हवे होते. ती राळ मिसळलेली वाळू शेवटी ओढ्यानं पंचगंगेतच जाते आणि तेच पाणी खालची गावं पितात. प्लँट उभा करताना एक काटकसर मात्र करू नको, धूळ ओढणाऱ्या यंत्राची. नॉकआउटवरचा, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढणारा, माणूस तोंडाला टॉवेल बांधून आठ तास त्या धुरळ्यात उभा असतो. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की ती निघत नाही, सिलिकोसिसला औषध नाही. माझ्याबरोबर काम केलेले दोघे पन्नाशीतच जिना चढायचे थांबले. हे काम कुठल्या ग्राहकानं मागितलंय म्हणून करायचं नाही, आणि कुठल्या मंदीत ते थांबवायचंही नाही.

राहिलं सोलरचं कर्ज. महिनाअखेर सही करू नकोस.

हे वाचून तुला वाईट वाटेल आणि आबांना बरं वाटेल, म्हणून कारण सांगतो. सोलर वाईट नाही, उलट भट्टी दिवसा चालत असेल तर कर्जाचा हप्ता वाचलेल्या विजेतून निघू शकतो. पण भट्टी चालली तर. अमेरिकेची ऑर्डर शून्यावर आली असं धर आणि बघ, उरलेल्या कामात दिवसपाळी भरते का? त्या खपावर हप्ता निघतो का? निघत असेल तर कर, बिनघोर कर. निघत नसेल तर बँकेला मंजुरीची मुदत सहा महिने वाढवून माग, बहुतेक देतात. तोवर तुझ्या बिलातला टीओडीचा, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या दराचा, भाग नीट वाच. दुपारची वीज कुठल्या दरानं पडते आणि संध्याकाळची कुठल्या, त्यावर मेल्टिंगच्या वेळा हलवता येतात का बघ. दुपारीच वीज स्वस्त मिळत असेल तर सोलरचा फायदाही त्या मानानं घटतो, हे विकणारा सांगत नाही. स्वतःच्या छतावरच हवं असंही नाही: २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॉटच्या वर मागणी असणाऱ्याला हरित वीज बाहेरून घेता येते, आणि चार-पाच फौंड्र्यांनी मिळून ग्रुप कॅप्टिव्हमध्ये, म्हणजे सामाईक वीज प्रकल्पात, २६ टक्के भाग घेतला, निम्म्याहून जास्त वीज स्वतः वापरली, तर तो मार्गही आहे. गोशिमामध्ये, म्हणजे तुमच्याकडच्या कारखानदारांच्या संघटनेत, किंवा उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशनमध्ये विचार, एकट्यानं करायचं हे काम नाही.

त्याआधी छोटी यंत्रं. भट्टीचं झाकण, जुना कॉम्प्रेसर, पंख्यांच्या मोटारी. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं जुलै २०२५ मध्ये याच कामासाठी व्याजसवलत सुरू केली आहे, फौंड्री त्यात आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पाच टक्के, मध्यमला तीन. ऑडिटपासून मदत आहे.

आता आबांना कसं सांगायचं. ऑफिसात नको, दादासमोर तर मुळीच नको. रविवारी त्यांना गाडीत घाल आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ने. माझं ऐक, ने. आपल्याकडच्या या बंधाऱ्यांना सगळा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचे’ म्हणतो आणि आपण रोज त्यावरून जातो म्हणून बघत नाही. जूनच्या तोंडाला बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून काठावर रचून ठेवतात, पुराला वाट देतात. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की तेच बरगे खांबांच्या खाचांत परत बसवतात आणि उन्हाळाभर पाणी पुरतं. २०१९ ला आणि २०२१ ला याच ठिकाणी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची खूण ४३ वर असताना. शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, न्हावा शेव्याला जाणारे कंटेनर पाण्याच्या अलीकडं उभे होते. आबांनी ते दिवस काढलेत. पूर आला की बरगे काढा, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, आणि तू ते त्यांना आधी मोकळ्या मनानं सांग. ३०० किलोवॉटचं कर्ज हा बरगा आहे, तो काठावर ठेवू. ती वही, ती मुलगी, धुळीचं यंत्र, पिग कमी करायचा प्रयोग, हे खांब आहेत. ते उपटले तर ऑक्टोबरात बरगे बसवायचे कशात?

आणि आजोबांच्या गुऱ्हाळाची आठवण काढ. चुलवाणात काय जळायचं, हे त्यांनाच विचार. उसाचा रस काढून राहिलेलं चिपाड वाळवायचं आणि त्याच काहिलीखाली घालायचं. जळणासाठी कुणाच्या दारात जायचं नाही. ही गोष्ट आबा स्वतः सांगतील, तू फक्त ऐक. मग खिशातला कागद काढ. त्यावर कार्बन हा शब्दच नको. किलोमागे किती युनिट, किलोमागे किती पिग, शंभरात किती तुकडे परत भट्टीत, आणि माल निघाल्यापासून पैसे येईपर्यंत किती दिवस, एवढे चार आकडे, मागच्या तीन महिन्यांचे. आपण कास्टिंग किलोवर विकतो, त्यांचं डोकं किलोवरच चालतं. चौथा आकडा मुद्दाम घालायला सांगतोय, म्हणजे त्यांना कळेल की तू त्यांची काळजीही मोजतेस.

दादाला एक काम दे, नाहीतर तो बाजूला बसून फक्त नकार देत राहील. सगळं बंद असताना, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, त्याला एकट्यालाच कॉम्प्रेसर चालू करायला सांग आणि शॉपमधून एक फेरी मारायला सांग. एकही मशीन चालू नसताना कॉम्प्रेसर किती वेळा लोड घेतो ते घड्याळ लावून लिहू दे. तीन मिलिमीटरचं एक भोक सात बारवर साधारण साडेतीन-चार किलोवॉट खातं, चोवीस तास. मोल्डिंग लाइनच्या मागच्या होजजवळ, जिथं रोज कुणी जात नाही, तिथून सुरुवात करायला सांग. कानाला ऐकू येतं. साबणाचं पाणी आणि खडू बरोबर ने म्हणावं, जिथं फुगे येतील तिथं खूण करायची.

किती खुणा झाल्या ते मला कळव. आणि वहीचं पहिलं पान भरलं की त्याचा फोटो पाठव, झाकणाच्या मिनिटांसकट.